तिथीची पाऊणपट

पदवीची परीक्षा उरकून पुढील शिक्षणक्रमास आरंभ होण्यापूर्वी जे एक वर्ष माझ्या हाती आले, ते मोडी लिपी शिकण्याकरिता चौलास घालवावे असा निश्चय मी केला, तेव्हा विलायतेच्या तयारीस लागलेल्या माझ्या सहाध्यायांना त्याचे नवल वाटले. वडिलांनी संमती दिली ती एका अटीवर : दरमहा अखेरीस किती अक्षरे, किती कागद आणि किती रुमाल (म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) झाले याचा तपशील त्यांना पत्राने कळवावयाचा. पुण्याहून घाट उतरून एका दिवसात गाठता येईल असे ते गाव. भाषा तीच, देव तेच, पंचांगही तेच. आणि तरीही पहिले दोन महिने मला परमुलुखात येऊन पडल्यासारखे वाटत होते, याचे कारण तेथील माणसे काळाशी ज्या रीतीने वागत ती रीत माझ्या ओळखीची नव्हती.

मी सोबत वेळापत्रक नेले होते. सकाळी आठ ते अकरा अक्षरओळख, दुपारी दोन ते पाच वाचन, रात्री उतारे. पहिल्याच दिवशी आठ वाजता मी मोडी शिकविणाऱ्या गुरुजींच्या ओट्यावर हजर झालो तो गुरुजी वाडीत. रहाट चालू होता, पाटाचे पाणी एका पोफळीच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवीत ते वाकून उभे होते, आणि शेवटचे आळे भरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मग स्नान, पूजा, न्याहारी. साडेदहाला बोरू हातात आला. दुपारी जेवणानंतर सारे गाव दारे लोटून चार वाजेपर्यंत निजले. वाण्याचे दुकानसुद्धा बंद. "होईल हो, घाई काय आहे?" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की ते या मुलखाचे फर्मानच असावे असे मला वाटू लागले. आळस हाच तेथील लोकांचा स्थायीभाव आहे, असा निकाल मी वडिलांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात देऊनही टाकला. त्या पत्राची आज मला मनापासून खंत वाटते.

मोडी ही मुळात घाईचीच लिपी. कारकुनाचा हात थांबू नये, बोरू वरचेवर उचलावा लागू नये, यासाठी तिची वळणे पडली. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जावयाचे. अशी ही वेगासाठी घडलेली लिपी गुरुजींनी मला अत्यंत संथपणे शिकविली. पहिले पंधरा दिवस नुसत्या रेघा. शाई एकसारखी उतरेपर्यंत, हात खांद्यापासून चालू लागेपर्यंत रेघा. मी कुरकुर केली असता ते शांतपणे म्हणाले, "ज्याला सावकाश लिहिता येत नाही, त्याचं भरभर लिहिलेलं कोण वाचणार?" दफ्तरातील पुष्कळ कागद वाचल्यानंतर, चांगल्या चिटणीसाच्या अक्षरातील धाव आणि वाईट कारकुनाच्या अक्षरातील धांदल यांतील भेद डोळ्यांना दिसू लागला, तेव्हा त्या रेघांचा अर्थ मला कळला.

परंतु खरा धडा मिळाला तो चौलाजवळच्या अलिबागेस. एका चतुर्थीस सकाळी नवाच्या सुमारास मी कोरड्या वाळूवरून चालत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेलो होतो आणि तासाभराने तसाच परत आलो होतो. पुढच्या पक्षात, कोणासही न विचारता, मनगटावरील घड्याळाच्या भरवशावर त्याच वेळी पुन्हा गेलो. वाटेत पाणी घोट्याच्या वर लागले, तिकडे लक्ष दिले नाही. गणपतीचे दर्शन घेऊन, तटावरून फिरून साडेदहाला दरवाजाशी येतो तो किनारा आणि मी यांच्यामध्ये समुद्र पसरलेला. होडीही त्या दिवशी लागलेली नव्हती. देवळातील पुजाऱ्यांनी माझ्याकडे आणि माझ्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाले, "आज द्वितीया. दीडला पूर्ण भरती. आता दिवस मावळतानाच सुटाल." मग त्यांनी आपल्या भाकरीतील अर्धी मला दिली आणि तो हिशेब समजावून सांगितला. तिथीस तीनांनी गुणावे, चारांनी भागावे. जो आकडा येईल त्या वाजता भरती. द्वितीयेस दीड, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, आणि पुनवेस सव्वाअकरा. त्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या वर थोडा उशिरा येतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग येतो, एवढेच यातील रहस्य. एखाद्या घटकेचा फरक पडतो. परंतु त्या किनाऱ्यावरील निरक्षर कोळीसुद्धा हा हिशेब श्वासासारखा वापरतो.

तटाच्या सावलीत मी आठ तास बसून राहिलो. पाणी चढताना पाहिले, क्षणभर ते स्थिर झालेले पाहिले, उतरताना पाहिले. ज्या लोकांना मी वेळेची कदर नसलेले समजत होतो त्यांच्याइतके वेळेला बांधलेले लोक मी पुण्यातही पाहिले नव्हते, ही गोष्ट त्या आठ तासांत माझ्या ध्यानात आली. जाळे केव्हा टाकावे, तर केव्हा सोडावी, खारीच्या बांधाची उघाडी केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, यांत त्यांची चूक होत नसे. चूक झाली तर खारे पाणी शेतात शिरून भात जाई. उरलेला वेळ मात्र ते उगाच कामाचे सोंग करून भरीत नसत. वेळ येईपर्यंत थांबणे हा त्यांच्या कामाचाच एक भाग होता.

त्यानंतर त्या मुलखाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. अलिबागेतील चुंबकीय वेधशाळा मी पूर्वी बाहेरूनच पाहिली होती. आता तिची हकीकत विचारली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, त्या विजेने तेथील कुलाब्याच्या वेधशाळेतील सूक्ष्म मापनात व्यत्यय येणार हे उघड झाले, आणि म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस आणण्यात आले. बांधकामात लोखंड मुद्दाम टाळले. पृथ्वीच्या चुंबकत्वातील अतिसूक्ष्म हालचाल टिपावयाची तर मुंबईचा गलबला सोडून येथे यावे लागले, यात मला माझ्याही वर्षाचे समर्थन सापडले. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू लोक शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आले. आठवड्यातून एक दिवस ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले. ते कोणते काम करीत हे त्या नावात आहेच. पण ते कोणत्या दिवशी काम करीत नसत तेही आहे, आणि एका जमातीच्या विसाव्याची एवढी आदराने नोंद घेणारा समाज आळशी कसा म्हणावा?

आणि चरी. चौलापासून दूर नसलेले हे गाव. खोतांच्या जाचास कंटाळून तेथील आणि आसपासच्या कुळांनी १९३३ साली, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, जमीन कसावयाची नाही असा निर्धार केला आणि तो सुमारे सहा वर्षे पाळला. नांगर घरात, शेते ओस, पोट भरावयाचे ते लाकडाच्या मोळ्या विकून आणि खाडीतली मासळी धरून. संपाच्या दिवसांत लहान असलेल्या एका म्हाताऱ्या कुळाला मी विचारले की, इतका काळ धीर कसा धरवला? तो बराच वेळ गप्प राहिला, मग समोरच्या खाडीकडे बोट करून म्हणाला, "पाणी उतरतंच ना कधीतरी." या माणसांच्या निवांतपणाला सैलपणा म्हणणारा मी कोण होतो! ज्याला दुपारी चार वाजेपर्यंत वाट पाहणे जमत नाही, त्याला सहा वर्षे वाट पाहणे कसे जमेल?

किल्ल्यात अडकलो त्या महिन्यापासून वडिलांस लिहिलेल्या पत्रांतील तपशील आटत गेला. पावसाळ्यात तर लिहिण्यासारखे काहीच नसे. लावणीच्या दिवसांत गुरुजी शेतावर, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि मी पडवीत बसून ओलसर कागद वाळवीत असे. नारळी पौर्णिमेनंतर एका सकाळी गुरुजींनी एक रुमाल माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः वाडीत निघून गेले. मी गाठ सोडली. वरचाच कागद जमिनीच्या तक्रारीचा होता. पहिली ओळ मी न अडखळता वाचली, मग दुसरी, आणि बाहेर रहाटाचा आवाज चालू असताना तो सबंध कागद वाचून संपला. कोणत्या दिवशी मला मोडी आली, हे मला सांगता येत नाही.

  वर्षाअखेरीस माझे सात रुमाल वाचून झाले होते. वेळापत्रकाप्रमाणे वीस व्हावयास हवे होते. परंतु त्या सातांतील एकही कागद मला पुढे पुन्हा लावून पाहावा लागला नाही, आणि नंतरच्या आयुष्यात जे थोडे काम माझ्या हातून झाले ते त्याच सात रुमालांच्या बळावर झाले. ज्या घरातील मुलाने किंवा मुलीने असे एखादे वर्ष मागितले असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी ते अवश्य द्यावे. आणि माझी एवढीच विनंती आहे की, महिन्याच्या महिन्यास त्याचा हिशेब मागू नये.