पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्या माणसांपैकी काहींच्या पानात एक आणि इतरांच्या पानात दुसरे वाढले गेले, तर त्याला आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. लग्नघरी असे घडले, तर पाहुणे ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. मग ज्या घरात भावी धर्मगुरू घडविले जातात, तेथे ते घडले तर?

१९४६ साली मंगळूरच्या एका कॅथलिक कुटुंबातील सोळा वर्षांचा थोरला मुलगा धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झाला. तेथे गुरुजनांचे मेज उंचावर असे आणि त्यांचे अन्नही विद्यार्थ्यांच्या अन्नाहून सरस असे. शिकविले जाते एक आणि आचरिले जाते दुसरे, हे त्याच्या मनाला पटले नाही. तो सेमिनरी सोडून निघाला आणि १९४९ साली रिकाम्या हाताने मुंबईत आला. पदपथावर झोपणाऱ्या, काम शोधीत फिरणाऱ्या त्या तरुणाचे नाव जॉर्ज फर्नांडिस.

ज्याने पाचारणाकडे पाठ फिरविली, त्याच्याविषयी या पानांवर का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की सेमिनरीत पडलेला तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोबत बाळगला. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली ते घडले. मुंबईचे टॅक्सीचालक, हॉटेलांतील पोऱ्ये, महापालिकेचे सफाई कामगार, म्हणजे ज्यांना कोणीच पंगतीत बसवून घेत नव्हते, त्यांना त्यांनी संघटित केले. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याचा पराभव करून ते लोकसभेत गेले. मे १९७४ मधील रेल्वे संप त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला.

आणीबाणीत ते भूमिगत झाले. १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात त्यांना अटक झाली, तीही एका चर्चच्या आवारात. बडोदा डायनामाइट खटल्यात ते आरोपी होते. खटला पुढे मागे घेण्यात आला, तरी स्फोटकांचा मार्ग आम्हांस कधीही मान्य होणार नाही. १९७७ साली तुरुंगात असतानाच बिहारमधील मुझफ्फरपूरच्या मतदारांनी त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. बेड्या घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र तेव्हा घरोघरी पोहोचले होते. १९६७ ते २००४ या काळात ते नऊ वेळा लोकसभेवर निवडून आले. उद्योग, रेल्वे, संरक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली. ते रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. संरक्षणमंत्री असताना ते वारंवार सियाचेनच्या बर्फात जवानांमध्ये जाऊन बसत. त्यांच्या दिल्लीतील घराला फाटक नव्हते. ब्रह्मदेशातून परागंदा झालेल्या तरुणांना तेथे आसरा मिळे.

येथवर लिहून थांबलो असतो, तर लेख गोड झाला असता; पण तोही एक पंक्तिप्रपंचच ठरला असता. जुलै १९७९ मध्ये ज्या सरकारची त्यांनी लोकसभेत हिरिरीने बाजू मांडली, ते लगेचच सोडले. त्याहून खोल जखम जानेवारी १९९९ मधील आहे. ओरिसात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जीपमध्ये जिवंत जाळण्यात आले. मनोहरपूरला गेलेल्या मंत्र्यांच्या पथकात फर्नांडिस होते. त्या पथकाने हे सरकारविरुद्धचे आंतरराष्ट्रीय कारस्थान असल्याचे सांगितले. गोदीतल्या हमालासाठी ज्यांनी जिवाचे रान केले, ते त्या विधवेच्या दुःखाच्या पंगतीत बसले नाहीत, असे तेव्हा अनेक ख्रिस्ती घरांना वाटले. आम्हांसही वाटले. सत्तेच्या मेजावर बसल्यावर खालचे पान दिसेनासे होते. ते सेमिनरीतील गुरुजनांच्या बाबतीत घडले, तसे त्यांच्याही बाबतीत घडले.

मग निवाडा कोणी करावा? करिंथच्या मंडळीत काही जण पोटभर जेवत आणि काही उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांना बजावले की हे प्रभूचे भोजन नव्हे. तो शब्द मंत्र्यांसाठी जितका, तितकाच धर्मगुरूंसाठीही आहे. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला आम्ही पाहुण्या धर्मगुरूंसमवेत वरच्या मजल्यावर जेवत होतो. सहज खिडकीतून पाहिले, तर सकाळपासून वाजवून दमलेली बँडची मुले मांडवाच्या मागे उभ्यानेच जेवत होती. त्यांच्या पानात काय होते, हे आम्ही विचारले नाही. खाली उतरलोही नाही. त्या दिवशी एखादा सोळा वर्षांचा मुलगा ते पाहत असला, तर तो आमच्याविषयी काय समजला असेल?

फर्नांडिस यांची अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशाच्या अंधारात गेली. २९ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे दहन झाले आणि अस्थी दिल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आल्या. सेमिनरीतून निघालेला तो मुलगा शेवटी आपल्याच माणसांच्या ओळीत विसावला. तेथे कोणाची जागा वरची नसते.

येत्या सणाला वरच्या मजल्यावर पाने मांडू नयेत, असे आम्ही पॅरिश कौन्सिलला सांगितले आहे. पंगत एकच, मांडवात. बँडच्या मुलांनी आधी बसावे, आम्ही वाढू.