चूक पट्टीची होती

2015 सालची गोष्ट. डोंगरकडेच्या एका गावात, एका आजींच्या परसात मी सातेरी माशांची पेटी ठेवून दिली होती. चौकटी कमी पडल्या, म्हणून रविवारी घरच्या पडवीत मीच पट्ट्या कापल्या. बी.एस्सी. ॲग्री झालेला विस्तार अधिकारी. वाटले, लाकूड कापायला असे काय लागते?

दोन महिन्यांनी चौकट उचलायला गेलो, तर हलेना. माशांनी पोळे पेटीच्या भिंतीला जोडले होते. ओढली तशी पोळे तुटले, अळ्या चिरडल्या, मध सांडला. आठवड्यात माशा पेटी सोडून गेल्या.

"साहेब, माशा कशानं रुसल्या?" आजींनी विचारले. मी सगळे उन्हावर ढकलून मोकळा झालो.

घरी येऊन चौकट मोजली. बाजूची पट्टी वर 8 मिलिमीटर जाड, खाली 4. तेवढी फट खाली वाढली होती. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी 1851 साली ओळखले, की चौकटीभोवती सुमारे 9 मिलिमीटर जागा ठेवली तर माशा ती ये-जा करायला मोकळी सोडतात. जागा जास्त झाली की तिथे पोळे बांधतात. आपली सातेरी लहान. तिला थोडी कमीच पुरते. हे मी सभांतून सांगत असे, आणि मोडले मीच!

मग चार संध्याकाळी गावच्या सुतारदादांजवळ बसलो. ते म्हणाले, "करवतीनं जवळ जायचं साहेब, पोचायचं रंध्यानं."

त्यांची रीत सोपी आहे. लाकूड वाळलेले, सरळ रेषांचे, बिनगाठीचे घ्यावे. आधी फळीची कड रंधून सरळ करावी. पट्टी 6 मिलिमीटरची हवी असेल, तर त्या कडेपासून 8 मिलिमीटरवर दोन्ही अंगांनी रेघ मारावी आणि रेघेच्या बाहेरून कापावे. दुसरी पट्टी कापण्याआधी कड पुन्हा रंधावी. म्हणजे प्रत्येक पट्टीची एक बाजू आधीच साफ मिळते.

शेवटी एका सपाट फळीवर बरोबर 6 मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी कडा ठोकाव्यात. मधे पट्टी ठेवावी, पुढे अडण लावावी आणि रंधा फिरवावा. रंधा दोन्ही कडांवर टेकला की पट्टी आणखी झिजत नाही. कडांवरच रंधा चालू लागला, तर मात्र त्या बदलाव्यात. माप एकदाच घ्यायचे. शंभर पट्ट्या सारख्या निघतात. यंत्राची करवत असेल, तर बारीक पट्टी बोटांनी कधीही पुढे सारू नये.

नव्या चौकटी घेऊन आजींकडे गेलो. म्हटले, "आजी, माशा उन्हानं गेल्या नव्हत्या. चूक माझ्या पट्टीची होती."

आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ठेवा की पेटी. पण आता मोजून ठेवा."

पेटी अजून तिथेच आहे. चौकट दोन बोटांनी वर येते.