पट्टा आहे, पण अडकवायचा कशाला?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी मागे पडते आणि पुढे भवानीनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसायला लागतं. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे धुराडी पेटतात आणि उन्हाळ्यात विझतात. ती विझली की दुरुस्तीचे दिवस सुरू होतात आणि उंचावर माणसं दिसू लागतात, खालून मुंगीएवढी. ‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार आपण दहावीच्या निकालासाठीसुद्धा वापरतो. काही जणांची मात्र ती रोजची हजेरी असते.

असा कुणी पडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं... "सेफ्टी बेल्ट घातला नव्हता." म्हणजे चूक त्याची. विषय संपला!

दोन वर्षांपूर्वी बारामतीत आमच्या सोसायटीचं रंगकाम निघालं. इमारत चार मजली. रंगारी दोराच्या झुल्यावर बसून खाली उतरायचा. मी विचारलं, "दादा, पट्टा नाही का?"

"हाय की सर, डिकीत हाय. पर आडकवायचा कशाला, तेवढं दावा!"

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायच्या तारेचे गंजके खांब, डिश अँटेना, प्लॅस्टिकचा पाइप आणि पाण्याच्या टाकीचे कॉलम. झुल्याचा दोर त्यातल्याच एका कॉलमला बांधलेला. पट्टाही त्याच दोराला अडकवला, तर दोर तुटला की झुला आणि पट्टा दोन्ही एकदमच जाणार. पट्ट्याला स्वतःचा वेगळा दोर हवा आणि तो वेगळ्या, भक्कम जागी बांधलेला हवा.

भक्कम म्हणजे किती? माणूस दोन मीटर पडतो तेव्हा पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही, पण तेवढ्यात त्याचा वेग ताशी २२ किलोमीटर झालेला असतो. तो वेग एका झटक्यात थांबवायचा, तर दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. म्हणून अमेरिकेतल्या नियमात, खास हिशेब करून बसवलेली नसेल तर, दर माणशी ५,००० पौंड पेलणारी जागा मागतात. म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. उसाने भरलेली बैलगाडी टांगावी, तसंच जवळपास! अँटेनाच्या खांबाचं तिथे काय चालणार?

पट्टा कुठला, हेही महत्त्वाचं. नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्याला थांबवतो, पण सगळा झटका पोटावर आणि कण्यावर बसतो. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो वापरायला अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा हा झटका वाटून घेतो. पण त्यातही माणूस निपचित लटकत राहिला, तर पायांत रक्त साचून जीव जाऊ शकतो. त्याला लवकर खाली कोण आणि कसं उतरवणार, हे तो वर जायच्या आधीच ठरलेलं हवं.

आणि काही ठिकाणी पट्ट्याचा उपयोगच होत नाही. पोल्ट्रीच्या किंवा गोठ्याच्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे पाय पडताच फुटतात. शेडची उंची असते तीन-चार मीटर. दोन मीटरचा दोर पायाजवळ अडकवला, तर तो ताणला जाईपर्यंत माणूस जमिनीवर पोचलेला असतो. तिथे पत्र्यांवर फळ्या टाकायच्या आणि खाली जाळी लावायची.

जाळीवरून आठवलं. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी कामाखाली जाळी लावून घेतली होती. तिने १९ माणसं झेलली. १७ फेब्रुवारी १९३७ ला मात्र एक अख्खं मचाण कोसळून जाळी फाटली आणि दहा जण गेले. जाळी काही देव नव्हे. पण ते १९ जण वाचले, कारण त्यांची सोय त्यांच्यावर सोडलेली नव्हती.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमात उंचावर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची तरतूद मालकाकडे मागितली होती. म्हणजे विचार जुनाच आहे. आपण मात्र माणूस पडल्यावर त्याची कंबर तपासतो. वर अडकवायला काही होतं का, हे पाहायला गच्चीवर कुणी जात नाही.

आमच्या सोसायटीचं काम दोन दिवस थांबलं. ठेकेदाराने दुसरा दोर आणि त्यावर सरकणारी पकड आणली, दोर दुसऱ्या कॉलमला बांधला. खर्च फार झाला नाही. कुरकुर मात्र बरीच झाली.

तेव्हापासून नवीन बांधकाम दिसलं की एक विचार मनात येतो. स्लॅब ओतायच्या आधी पंख्याचे हूक आपण आठवणीने टाकून घेतो. झोपाळ्याच्या कड्या कुठे हव्यात, यावर घरात चर्चा होते. उद्या बाहेरच्या भिंतीला रंग द्यायला एक माणूस लटकणार, हेही तेव्हाच ठाऊक असतं. मग इंजिनिअरला विचारून गच्चीत त्याच्यासाठीही दोन कड्या टाकायला काय हरकत आहे?

पंख्याचा हूक विसरलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही.