पारवे, हरणं आणि गायरान

दोस्तांनो, रान, पाखरं, शिकार हे आपले विषय नव्हेत असं आपल्यातले बरेच कार्यकर्ते समजतात. रानावर लिहायचं ते पोट भरलेल्यांनी, आपण लिहायचं ते मोर्चावर, बहिष्कारावर, जाळपोळीवर. मला हे पटत नाही. रान बघायला आपल्याला मुद्दाम कुठं जावं लागलं? गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, म्हणजे रानाच्या तोंडावरच ठेवलं. पारध्याला तर त्याच्याही पलीकडं, माळावर, पालात. मग रानाचा हिशेब आपण मांडायचा नाही तर कुणी मांडायचा?

माझ्यापुरता हा हिशेब 1979 च्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाला. मी तेव्हा उस्मानाबादला कॉलेजात होतो. जिल्ह्याचं धाराशिव हे नाव सरकारी कागदावर आलं ते 2023 साली. आमचं गाव येडशी आणि कसबे तडवळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं. बार्शी लाईटची छोटी गाडी शिट्टी मारत जायची, तिच्यावर माणसं वेळ ओळखायची. आदल्या वर्षी, 27 जुलै 1978 ला, विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमच्या गावात आग लागली नाही. पण कामाला बोलावणं बंद झालं, दुकानदार उधारी देईना. वर्ष झालं तरी गाव मोकळं बोलत नव्हतं. घरात कालवणाचा वास येणं ही सुद्धा मोठी गोष्ट होती.

माझा एक फासेपारधी दोस्त होता. चौथीपर्यंत आम्ही एका शाळेत होतो, पुढं त्याची शाळा सुटली. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्या नातवंडांच्या दारात अजून पोलिसाची गाडी थांबते, तेव्हा नाव न लिहिलेलंच बरं. तो पहाटेच आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. दाराशीच, कारण आपल्या वस्तीतसुद्धा पारध्याला ओट्यावर बसा म्हणायची पद्धत नव्हती. हे कडू आहे, पण खरं आहे. माय आतून म्हणली, "कोण हाय रं?" तो म्हणला, "मी हाय माय, पारव्याला चाललोत." मायनं दोघांच्या फडक्यात भाकरी बांधून दिली.

माळावर एक पडकी बारव होती. तिला पाणी होतं तोवर आपल्या माणसाला तिची एक पायरी उतरायची सोय नव्हती. पुढं झरा आटला, कठडे ढासळले, गावानं दुसरी विहीर पाडली. मग बारवेच्या कपारीत पारवे राहायला आले आणि आम्हालाही वाट मोकळी झाली.

आमच्याकडं दोन गलोली. सायकलच्या ट्यूबचं रबर, बाभळीचं बेचकं, आणि चुलीत भाजलेल्या चिकणमातीच्या गोळ्या. मी कडेला जाऊन आत वाकणार, तेवढ्यात त्यानं मला मागं ओढलं.

"आरं, सावली आत पाडू नगं. उन्हाच्या अंगाला बस."

त्यानं एक धोंडा आत टाकला. पाण्याचा आवाज आला नाही, पंखांचा आला. भर्रकन वीस-पंचवीस पारवे एकदम वर आले. मी गलोल ताणली.

"उठताना मारू नगं, गोळी वाया जाती. फिरून येत्यात. काठावर बसत्यात, मग मार."

तसंच झालं. पारव्यांनी माळावर दोन घेर घेतले आणि परत आले. दहा वाजेपर्यंत त्यानं चार पाडले, मी एक. माझा हात आता कुठं बसत होता, पण त्यानं गलोल गळ्यात अडकवली.

"बास."

"आणखी दोन तरी मारू की."

"दोन घरं, पाच पारवं. लई झालं. परत हितंच यायचं हाय का न्हाई?"

तीन दगडांची चूल मांडून एक पारवा आम्ही तिथंच भाजला. मीठ आणि भाकरीसोबतचा ठेचा. एका फडक्यावर दोघं जेवलो. त्याच्या हाताची भाकर मी खाल्ली, माझ्या हाताची त्यानं. दोघांच्याही घरी हे सांगायचं नाही असं आपोआप ठरलं.

परतताना आमच्या तुकड्याकडून आलो. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवरून 6 डिसेंबर 1964 ला रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात माझा बाप जेलात जाऊन आला होता. त्यानंतर त्यानं गायरानातले दोन एकर फोडले. दगड वेचून वेचून त्याची नखं गेली. त्या साली तिथं हरभरा होता, वीतभर वर आलेला.

दोस्तानं एकदम माझा दंड दाबला आणि खाली बसवलं. हरभऱ्यात हरणं होती. मध्ये काळवीट, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्याभोवती चुन्यानं काढावं तसं पांढरं कडं, शिंगांना पीळ. बाकी सगळ्या माद्या, मातीच्या रंगाच्या. मी सतरा मोजली.

"एकोणीस," तो म्हणला. "दोन पिल्लं गवतात दडून हायती. त्यो बांध दिसतो का, त्याच्या डाव्या अंगाला."

मला शेवटपर्यंत ती पिल्लं दिसली नाहीत. मी हळूच विचारलं, "फासे आणले असते तर?"

"त्या मागच्या दोन्ही गाभण हायती. फाशात घावल्या तरी सोडाव्या लागत्यात. आमच्यात नेम हाय तसा."

तेव्हा मला वाटलं, हा आपला बोलतोय. पुढं वाचनात आलं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी फासेपारध्यांचा अभ्यास केला आणि गाभण मादी व पिल्लू फाशातून सोडून द्यायची त्यांची रीत नोंदवून ठेवली. म्हणजे विद्यापीठात जे संशोधन ठरलं ते मी बांधाआड बसून फुकट ऐकलं होतं.

पण हरभरा आमचा होता. मी उठून शीळ घातली. हरणं क्षणभर थबकली आणि मग अशा उसळ्या मारत गेली की चारी पाय जमिनीवर टेकल्याचं दिसलंच नाही. गवतातून दोन पिल्लं निघाली. एकोणीस बरोबर होतं.

इथवरची गोष्ट सुखाची आहे. दुसऱ्या रात्री माळावर जीप फिरली. उजेडाचा झोत आमच्या कुडावरून गेला. दोन बार झाले. सकाळी माळावर रक्त आणि चाकाचे वण होते. दुपारी पोलीस आले ते सरळ पालावर. दोस्ताच्या बापाला नेलं. हरण मारलं म्हणून! ज्याच्याकडं बंदूक नाही, जीप नाही, त्याला. चार दिवस ठेवलं. माझा बाप, मी आणि वस्तीतली सहा पोरं अर्ज घेऊन ठाण्यावर बसलो तेव्हा सोडलं. तो चालत आला नाही, आम्ही उचलून आणला. पुढं एका वाड्याच्या ढेळजेत पीळदार शिंगं खुंटीला लावलेली मी पाहिली. पारध्याच्या पालात मी तशी शिंगं कधी पाहिली नाहीत.

आता कायदा बघा. 1871 साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, माणसं विमुक्त झाली. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली वही बदलली, नजर तीच राहिली. 1972 हे साल आपण दुष्काळाचं आणि दलित पँथरचं म्हणून ओळखतो. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. रानपारव्याला मात्र तेव्हा यादीतून वगळलं होतं. काही जातींची शिकार परवाना काढून करता यायची, ती मुभा 1991 च्या दुरुस्तीनं गेली. हरीण वाचलं पाहिजे, यात वाद नाही. आज कुणी गलोल घेऊन निघावं असंही मी म्हणत नाही. पण परवाना काढायला कागद, ओळख आणि पैसा लागायचा. हे तिन्ही ज्याच्याकडं, तो शिकारी. ज्याच्याकडं नाही, तो चोर. जोधपूरजवळ 1998 साली काळवीट मारल्याबद्दल एका बड्या सिनेनटाला 2018 साली पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि दोन दिवसांत जामीन. पारध्याचा जामीन कोण देतो, हे तालुक्याच्या कोर्टात जाऊन बघा.

कुणी म्हणेल, आपण बुद्धाचे, पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं, मग पारवे मारल्याची गोष्ट कशाला? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो ग्रंथ पुन्हा काढून वाचा. दोस्ताचं ते "बास" मला तिथं भेटलं. रात्री जीपमधून झोत टाकणाऱ्याला कुठली गरज होती? त्याच्या घरी तर रोज चूल पेटत होती.

आणि गायरान? सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक. देशाच्या पडीक जमिनीच्या नकाशात गवताळ माळसुद्धा मोजतात. काळविटाला मात्र हाच मोकळा माळ लागतो, दाट झाडीत ते राहत नाही. तरी कित्येक माळांवर ग्लिरिसिडिया लावून हिरवं केलं म्हणून सांगितलं गेलं. येडशीला रामलिंग घाटाचं अभयारण्य 1997 साली झालं, जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. बाकी माळावर ऊस आला, पवनचक्क्या आल्या. हरणाला जागा उरली ती गायरानात, आणि गायरानात आपण. मोठ्या रानातून हाकललेले दोघं एका तुकड्यावर येऊन पडलो आणि आता आपलीच भांडणं लावली जातात.

14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नावावर करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 ला निघाला. किती जणांच्या हातात सातबारा पडला, ते आपापल्या गावात मोजा. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, 2022 साली मुंबई उच्च न्यायालयात विषय आला आणि गावोगाव नोटिसा आल्या. हरणानं पीक खाल्लं तर सरकार भरपाई देतं, पण अर्जाला सातबारा जोडावा लागतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचा हरभरा हरणानं खाल्ला तरी कागदावर काहीच घडत नाही. मग तो कुंपणात करंट सोडतो, हरीण मरतं आणि तो आत जातो.

1941 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आमच्या शेजारी कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदार परिषदेला. एकमेकांच्या हातचं पाणी न पिणाऱ्या दोन जातींना त्यांनी एका मांडवात बसवलं. त्या मांडवाची कनात पारध्याच्या पालापर्यंत न्यायचं काम आपल्याकडं राहिलं आहे. भाषणात आपण त्यांना बांधव म्हणतो, पण निवेदनावर सह्या घेताना त्यांच्या पालावर जात नाही.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात आहे. आपल्या तालुक्यात गायरानाचं निवेदन लिहाल तेव्हा तीन गोष्टी एकाच कागदावर लिहा. कसणाऱ्याच्या नावावर जमीन. कसणाऱ्याला सातबाऱ्याशिवाय, पंचनाम्यावर नुकसानभरपाई. आणि उरलेला माळ माळच राहू द्यावा, त्याची राखण पगार देऊन पारध्याच्या पोरांना द्यावी, कारण गवतात दडलेलं पिल्लू त्यांना दिसतं. मोजणीची तारीख लागली की पहिला निरोप पालावर धाडा. आणि ते आले की त्यांना ओट्यावर बसवा.

जयभीम.