काळ्याची जात

मार्च 2024 संपत आला होता. रात्रपाळी करून क्वार्टरवर आले, तर दाराखालून कागद सरकवलेला. ‘आपल्याकडील धोकादायक जातीचा कुत्रा आठ दिवसांत वसाहतीबाहेर हलवावा.’ सही होती, शिक्का होता. जात कोणती, ते लिहिलं नव्हतं.

काळ्याची आई रॉटवायलर, बाप चंद्रपुरातला गल्लीतला. पोंभुर्ण्याला बदली झाली तेव्हा तो माझ्यासोबतच आला. 12 मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं: पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा 23 जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, घरी आहेत त्यांची नसबंदी करा. संकरित कुत्रीही त्यात धरलेली. पण घरातलं कुत्रं बाहेर काढा, असं त्यात कुठंच नव्हतं. काळ्याची नसबंदी तर दोन वर्षांपूर्वीच झालेली.

मी परिचारिका. कुत्रं चावलेली माणसं रोज बघते. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायला लावते, दोन्ही दंडांत लस टोचते, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी परत बोलावते. कुत्रं कुणाचं, त्याला लस दिली होती का, रक्त आलं का, एवढं विचारते. जात विचारायची गरज कधी पडली नाही. रेबीज कोणत्याही कुत्र्याकडून होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून त्या कागदाचा मला फार राग आला.

काळ्याचं लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला आणि प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत घेऊन मी कार्यालयात गेले. बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्या सूचना सांगतात. साहेबांनी कागद ठेवून घेतले. म्हणाले, “तक्रार आहे, मॅडम.”

तक्रार शेजारच्या काकूंची होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडेच गेले.

“सिस्टर, तुमचा काळ्या चावते म्हणून नाही जी,” त्या म्हणाल्या. “रातभर अंगणात बांधला राहते. त्याच्यासाठी बिबट येईन. माह्या घरी लहान लेकरू आहे.”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या कुंपणापलीकडे रायमुनियाची झुडपं, पुढं नाला, त्यापुढं जंगल. बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार नाही, हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं. साखळीला बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही. बाईची भीती खरी होती. कागदावर येताना तिची ‘धोकादायक जात’ झाली होती. गावठी कुत्रं बांधलं असतं, तरी बिबट्या आलाच असता.

त्या रात्रीपासून काळ्या मागच्या जाळीच्या पडवीत झोपू लागला. रविवारी काकूंचा मुलगा आणि मी मिळून कुंपणाजवळची रायमुनिया तोडली. वसाहतीतले लोक मटणाची हाडं नाल्याकडे फेकायचे, ते थांबवायला मात्र महिना गेला, भांडणंही झाली.

10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं केंद्राचं ते पत्र रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं म्हणून. माझ्या कागदांना लेखी उत्तर आलं नाही. काळ्याला न्यायलाही कुणी आलं नाही.

आता दिवस मावळला की भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येतो, “सिस्टर, काळ्याला आत घेतलं का वो?”