सत्तावीस श्वासांचा विसावा

‘ताण घेऊ नका’ हा सल्ला आपल्या व्यापारी घरांतील प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगला असतो. परंतु घेतलेला ताण खाली कसा ठेवायचा, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत चालवताना माझी तीस वर्षे गेली. सकाळी सौद्याची घाई, दुपारी वखारीतील मालाची काळजी, संध्याकाळी उधारीची वसुली आणि रात्री जीएसटीचे विवरणपत्र वेळेत गेले की नाही याची रुखरुख, हा नित्यक्रम अंगवळणी पडला होता. गेल्या तीन वर्षांत मात्र त्यात आणखी एका भाराची भर पडली आणि तो काही केल्या पेलवेना. वाटणीवरून धाकट्या भावाशी बिनसले. एका ताटात जेवलेले आम्ही दोघे वकिलांच्या नोटिशींतून बोलू लागलो.

झोप तुटक झाली. पहाटे तीनला जाग येई आणि जबडा आवळून धरल्यामुळे दुखत असे. रक्तदाब वाढला, गोळी सुरू झाली, पुढे ती दुप्पट झाली. तेव्हा सौ. म्हणाली, “हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या आत आपण श्रवणबेळगोळला जाऊन येऊ. लग्नानंतर एकदा गेलो होतो, त्यानंतर दुकानाने सोडलेच नाही.” मी नेहमीप्रमाणे सबबी सांगितल्या. तिने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. बंगळूरचा महामार्ग सोडून गाडी आत वळली, तसा प्रदेशाचा चेहरा बदलला. नारळाच्या बागा, कापणी झालेली नाचणीची शेते, मधूनच डोके वर काढणारे काळसर खडक. संध्याकाळी दूरवर एका उघड्या खडकाळ टेकडीच्या माथ्यावर एक मस्तक दिसले. गाव अजून दिसत नव्हते, मंदिरांची शिखरे दिसत नव्हती. दिसत होते ते केवळ गोमटेशाचे मस्तक. सौ.ने हात जोडले. मी त्या क्षणी मोबाइलवर हळदीचा भाव पाहत होतो, हे आता लिहिताना संकोच वाटतो. पण खरे तेच लिहिले पाहिजे.

श्रवणबेळगोळ हे हासन जिल्ह्यातील छोटेसे गाव. दोन टेकड्यांच्या मधोमध त्याचे कल्याणी सरोवर आहे. कन्नडमध्ये ‘बेळ’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. श्रमणांचे शुभ्र तळे, असा या नावाचा अर्थ सांगतात. उत्तरेकडील ठेंगणी टेकडी चंद्रगिरी आणि दक्षिणेकडील उंच टेकडी विंध्यगिरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विंध्यगिरीच्या पायथ्याशी पादत्राणे ठेवली आणि चढू लागलो.

साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या अखंड ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या आहेत. सकाळचा खडक तळव्यांना थंडगार लागतो. वयस्कर यात्रेकरूंसाठी डोली मिळते. पण चालत चढणाऱ्याला ही टेकडी पहिला धडा आपसूक देते. घाईने चढू गेले की शंभराव्या पायरीशी छाती भरून येते. मी पहिल्या टप्प्यात तसाच धापा टाकत थांबलो. मागून एक वृद्ध आजी एकेका पायरीवर पूर्ण श्वास सोडून पुढचे पाऊल टाकत आल्या आणि माझ्याकडे न पाहता पुढे निघून गेल्या. त्यानंतर मी त्यांचीच चाल धरली. पाऊल आणि श्वास यांची जोडी जमली, तशी डोक्यातील हिशेबांची गर्दी थोडी विरळ झाली.

वाटेत दगडी टेकूंच्या आधाराने उभी असलेली ओदेगल बसदी लागते. पुढे एकाच प्रस्तरात कोरलेला ‘अखंड बागिलु’ हा दरवाजा लागतो; त्याच्या माथ्यावर दोन हत्ती लक्ष्मीला स्नान घालत आहेत. लक्ष्मीचे दर्शन घेऊन, तिला मागे ठेवून वर जायचे आहे, ही मांडणी पाहून माझ्यातील व्यापारी किंचित हसला.

आणि मग प्राकारात पाऊल टाकताच समोर तो उभा राहतो. एकाच पाषाणातून घडवलेली, सुमारे 58 फूट उंचीची, उत्तराभिमुख मूर्ती. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने ती दहाव्या शतकाच्या अखेरीस, 981 च्या सुमारास उभारली. मांड्यांपासून वर तिला कशाचाही आधार नाही. पायांपाशी वारुळे आहेत, त्यांतून सर्प डोकावतात; माधवीची वेल पायांवरून चढत दंडांपर्यंत गेली आहे. मूर्तीच्या पायाजवळ चामुंडरायाने हे करविले, असे कन्नड आणि तमिळ यांच्याबरोबर मराठीतही कोरलेले आहे. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे आपल्या भाषेतील अत्यंत जुन्या कोरीव शब्दांपैकी आहेत. घरापासून इतक्या दूर, गोमटेशाच्या चरणांशी, आपली मायबोली अशी भेटते.

लग्नानंतरच्या भेटीत मी मूर्तीची उंची पाहिली होती. या वेळी नजर हातांवर खिळली. ते दोन्ही बाजूंना सरळ सुटलेले आहेत. मूठ नाही, ताठरपणा नाही. खांदे रुंद आहेत, पण उचललेले नाहीत. ओठांवर पुसट स्मित आहे. ज्या बाहूंनी चक्रवर्तीला हरवले, त्या बाहूंत आता काहीही धरलेले नाही. मी स्वतःकडे पाहिले, तर माझी उजवी मूठ खिशात वखारीच्या किल्ल्यांभोवती आवळलेली होती. भावाच्या भीतीने मी तो जुडगा सांगलीहून शेकडो किलोमीटर बरोबर आणला होता.

आपण कायोत्सर्ग रोज ऐकतो आणि म्हणतो. षडावश्यकांपैकी ते एक आवश्यक. काय म्हणजे शरीर, उत्सर्ग म्हणजे सोडणे. शरीर आहे तिथेच ठेवून त्याच्यावरील ‘माझे’पण काही काळ सोडणे. आपल्या पूर्वाचार्यांनी त्याचा विधी किती बारकाईने सांगितला आहे! दोन पावलांत चार अंगुळांचे अंतर, हात सैल लोंबते, दृष्टी नासाग्रावर, शरीर निश्चल. मूलाचारात त्याचे बत्तीस दोष गणले आहेत. घोड्यासारखा एक पाय उचलून उभे राहणे, वेलीसारखे डोलणे, खांबाला किंवा भिंतीला टेकणे, हे त्यांतलेच. दुकानात उभ्या असलेल्या कोणाही चिंताग्रस्त माणसाला पाहा. यांतील तीन-चार दोष त्याच्या अंगी सहज दिसतील. मनाची अस्वस्थता शरीर लपवू शकत नाही, हे त्यांनी किती आधी ओळखले होते.

प्राकाराच्या एका बाजूला आम्ही दोघे उभे राहिलो. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. प्रत्येक णमोकाराला तीन श्वास: पहिल्यात अरिहंत आणि सिद्ध, दुसऱ्यात आचार्य आणि उपाध्याय, तिसऱ्यात लोकातील सर्व साधू. तिसऱ्या णमोकारापर्यंत वखार डोळ्यांसमोर होती. पाचव्याला खांदे खाली आले. ते इतके वर उचललेले होते, हे तेव्हा कळले. सातव्याला जबडा सुटला. नववा संपला तेव्हा जेमतेम पाच मिनिटे झाली असतील, पण कित्येक महिन्यांत इतके हलके वाटले नव्हते.

यात चमत्कार काही नाही. श्वास संथ झाला आणि विशेषतः तो सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते, आवळलेले स्नायू सैलावतात, हे शरीरशास्त्रही सांगते. परंतु मला तिथे आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती श्वासापुरती नव्हती.

भरत-बाहुबलींची कथा आपल्या मुलांनाही पाठ असते. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, तिन्हींत बाहुबलींचा जय आणि जिंकलेल्या क्षणी वैराग्य. वर्षभर ते असेच उभे राहिले. वेली चढल्या, वारुळे वाढली, तरी केवलज्ञान अडले होते. आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत हे शल्य त्यांना होते, असे लोक सांगतात. श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी येऊन मानाच्या हत्तीवरून खाली उतरण्यास सुचवतात. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आपल्यामुळे भरताला क्लेश झाला, हा विचार बाहुबलींच्या मनात उरलेला आहे. भरत येऊन पूजा करतो, आणि ती शेवटची गाठ सुटते.

पायऱ्या उतरण्यापूर्वी आम्ही सावलीत बसलो असता सौ. म्हणाली, “एवढे तप करूनही भावाचे दुःख मनातून जाईना. आणि आपण झोपेची गोळी मागतो.”

मी म्हटले, “बाहुबलींना भरत भेटायला आले. इथे कोण येतो?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भरत थोरले होते. घरात थोरले कोण आहे?”

मला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे ही कथा मी बाहुबलींच्या बाजूने ऐकत आलो होतो. अन्याय माझ्यावर झाला, त्याग माझा मोठा, असे मानून त्यांच्या जागी स्वतःला उभे करत होतो. जाऊन नमणारा तो थोरला आहे, याकडे कधी लक्षच गेले नव्हते. भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी मी फोनवरून दोनशे लोकांना ‘उत्तम क्षमा’ पाठवली होती. त्या यादीतून एकच नाव मी हाताने वगळले होते.

गोमटेशाच्या समोरच गुळ्ळेकायी अज्जीची लहानशी मूर्ती आहे. चामुंडरायाने महाभिषेकासाठी घडेच्या घडे दूध ओतले, तरी ते मूर्तीच्या कमरेखाली उतरेना. शेवटी या वृद्धेने फळाच्या करवंटीतून आणलेल्या ओंजळभर दुधाने संपूर्ण मूर्ती न्हाली, अशी कथा आहे. निघताना तिच्यासमोर मी क्षणभर थांबलो. माझ्याही जवळ मोठे काही नव्हते. एका फोनपुरते धैर्य गोळा करायचे होते.

दुपारनंतर चंद्रगिरीवर गेलो. भद्रबाहू स्वामींची गुंफा, चंद्रगुप्त बसदी आणि खडकांवर कोरलेले सल्लेखनेचे लेख. या क्षेत्री पाचशेहून अधिक शिलालेख आहेत, आणि त्यांतील कितीतरी लेख शांतपणे देह ठेवणाऱ्यांचे आहेत. सम्राट चंद्रगुप्त मौर्यांनी साम्राज्य सोडून इथे अखेरचे दिवस घालवले, अशी आपली परंपरा सांगते. त्या खडकावर उभे राहून एका वखारीच्या वाटणीचा विचार करताना मनाला लाज वाटली, आणि त्या लाजेतही एक प्रकारचा विसावा होता.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, फोन न करताच मी भावाच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडले. क्षणभर दोघेही अवघडलो. मग तो म्हणाला, “या, आण्णा.” वहिनींनी चहा ठेवला. व्यवहाराचे एक अक्षर त्या दिवशी निघाले नाही. वाटणी अजून पूर्ण झालेली नाही, मतभेदही आहेत. पण आता कागद वकिलांऐवजी समाजातील एका वडीलधाऱ्यांसमोर आहेत. वखारीच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा त्याच्याकडे आहे.

रक्तदाबाची गोळी मी बंद केलेली नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण पहाटे तीनची जाग कमी झाली आहे. दुकान उघडल्यावर गादीवर बसण्यापूर्वी नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग करतो. दुपारी एखादा कटू फोन आला, तर उत्तर देण्याआधी तीन श्वास थांबतो. संध्याकाळच्या जेवणानंतर सामायिकाला बसतो. पूर्ण दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, मला अजून साधत नाहीत. वीस मिनिटांपासून सुरुवात केली आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी खुर्चीत बसून, पाठ सरळ आणि हात मांडीवर मोकळे ठेवून हेच करावे. आधी खांदे, मग जबडा, मग मुठी, अशी एकेक जागा तपासत सोडत गेले की शरीर ऐकते.

एवढे करूनही एखादी जागा सैल होत नसेल, तर तिथे कोणाचे तरी नाव अडकलेले असते. ते नाव आठवावे आणि त्या दाराशी जाऊन यावे. विंध्यगिरीच्या पायऱ्या त्यासाठी प्रत्येकाला चढता येतीलच असे नाही. भावाच्या घराचा उंबरा मात्र आपल्यापासून फार लांब नसतो.

जय जिनेंद्र.