रसपुरी आंबे आणि भाच्याची बादली

मे महिन्यात बंगळुरूला भाच्याकडे गेले होते. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकणाची नवी कोरी बादली दिसली.

"मावशी, यंदा घरीच बिअर करणार. ताजा आंबा घालून!"

सूनबाई काही बोलली नाही. तिने फक्त कपाटाच्या दारावरचा ओरखडा दाखवला. गेल्या वर्षी चिरंजीवांनी आलं आणि अननसाचं पेय आंबवून काचेच्या बाटलीत गच्च बंद केलं होतं. रात्री दोनला बाटली फुटली. छकुली दुपारी जिथे खेळत बसते, तिथे काचा पडल्या होत्या.

मी म्हटलं, "आधी आंबे तर दाखव."

मग लालबाग गाठली. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेली ही बाग आता 240 एकरांवर पसरली आहे. उन्हाळ्यात इथे आंबा मेळा भरतो. रामनगर, कोलारचे शेतकरी थेट माल आणतात. आपल्या हापूसला इथे 'बदामी' म्हणतात. (रत्नागिरीकरांनी रागावू नये, चव चांगली होती!) पण मन जिंकलं ते रसपुरीने. पातळ सालीचा, रसाळ, चोखून खायचा आंबा. पाच किलो घेतला.

संध्याकाळी इंदिरानगरला गेलो. इथल्या 100 फुटी रस्त्यावर 2010 मध्ये 'टॉइट' सुरू झालं आणि पुढे जागेवरच बिअर बनवणाऱ्या हॉटेलांची शहरभर लाट आली. उन्हाळ्यात अनेक ठिकाणी आंब्याची बिअर मिळते. आम्ही बसलो तिथे काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या. मी लिंबू सरबत मागवलं आणि तिथल्या बिअर बनवणाऱ्या मुलाला प्रश्न विचारत बसले.

फळ सुरुवातीला घालत नाहीत, तो म्हणाला. यीस्ट आधी धान्यातली साखर खातं. तो जोर ओसरला की आंब्याचा गर घालायचा. नवी साखर मिळाली की यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि पुन्हा वायू तयार होतो. हे थांबायच्या आत बाटली बंद केली, तर वायू जाणार कुठे?

भाचा खाली बघत होता.

सालीवर रानटी यीस्ट आणि जंतू असतात, म्हणून गर गरम करून घेतात. पण उकळायचा नाही; पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते आणि वासही उडतो. काहीजण फळ आधी गोठवतात. बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: आंब्याची बरीचशी गोडी यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो मुख्यतः वास. मिल्कशेकसारखी चव शोधणारे हिरमुसतात म्हणे.

"घरी करू का?" भाच्याने शेवटी विचारलंच.

"परवाना आहे?" तो हसला. कर्नाटकच्या 1965 च्या अबकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, घरच्यापुरतंसुद्धा. एवढा शिकलेला मुलगा, पण हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी बादली कामाला आली. सूनबाईने ती पाण्याने भरून त्यात पाच किलो रसपुरी भिजत घातले. दुपारी छकुलीने कोपरापर्यंत हात बुडवून आंबे पिळले, आणि पुऱ्या लाटायचं काम भाच्याकडे आलं.